मागचा आवाज

डोमाजी मिस्त्री गाडीचं तेल चाखून बघायचा. इंजिनातलं नव्हे, इंजिनाकडे तो ढुंकूनही पाहत नसे. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याचा बूच खोलून आत करंगळी घालायची, ती जिभेच्या शेंड्याला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. पंगतीआधी वरण चाखणारा आचारीसुद्धा इतका गंभीर होत नाही. मग बाजूला थुंकून तो निकाल सांगे. "पानी घुसलं हाय." नाहीतर, "लोखंड उतरून राहिलं. दिवाळीपर्यंत जाईन, मंग बसन रस्त्यात." जीपवाले, ट्रॅक्टरवाले तोंड पाडून ऐकत. दिवाळीच्या आसपास ती गाडी खरोखरच बसलेली असे.

आणीबाणी उठली त्या वर्षी माझी बदली अड्याळच्या शाळेवर झाली. शाळेतून खोलीवर जाताना पवनी रस्त्याला कडुनिंबाखाली डोमाजीचं टिनाचं शेड लागे. काम करणाऱ्या माणसाजवळ बसून राहणं हा माझा जुना छंद. काम न करता केल्याचं समाधान मिळतं. डोमाजीने मला तेलाच्या डब्यावर बसायची परवानगी दिली होती, आणि ती फार मोठी गोष्ट होती, कारण बाकीच्यांना तो उभंच ठेवायचा.

"समोरचं सारेच पायते, गुर्जी. मागचं कोनी पायत नाही." हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा म्हणे. गाड्यांबद्दल म्हणे, लग्नाच्या वरातीबद्दल म्हणे, पुढाऱ्यांच्या भाषणाबद्दलही म्हणे. एकदा आमचे हेडमास्तर नवा कोट घालून चालले होते, त्यांनाही म्हणाला. हेडमास्तरांनी तिथल्या तिथे कोट काढून पाठ तपासली.

त्याचा दुसरा मंत्र म्हणजे जोडी. मागच्या गोळ्यात दोन दातेरी चाकं असतात. परातीएवढा क्राऊन आणि त्याला फिरवणारं मुठीएवढं पिनियन. कारखान्यात दोघांना एकमेकांवर घासून बसवतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. त्यातलं एक गेलं तरी बदलायची दोन्ही. डोमाजीच्या शेडामागे अशा म्हाताऱ्या जोड्या तारेने बांधून ठेवलेल्या असत. भंगारवाला त्यातलं एखादं सुटं चाक मागायला आला की डोमाजी त्याच्या अंगावर पाना घेऊन धावायचा.

त्याची स्वतःची जोडी मात्र बारा वर्षं सुटी पडली होती. बायको रुखमा माहेरी, कोंढ्याला राहायची. भांडणाचं कारण गावाला पाठ होतं. डोमाजी शेडातच राहायचा. ट्रकची सीट हा त्याचा पलंग, आणि सदरा टांगायला एक जुनं स्टेअरिंग. "गाड्यायच्या पोटाखाली संसार होत नाही. घर बांधा, मंग बलवा," असं सांगून ती गेली. डोमाजीचं म्हणणं, चार भिंती काय अन् चार खांब काय, डोक्यावर टिन तर आहेच. दोघंही आपापल्या जागी अडून बसले.

आणि दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी तो ट्रायलला कोंढ्याकडेच न्यायचा. "रस्ता खराब हाय तिकडचा. मागचा आवाज तेथंच समजते," असं कारण सांगायचा. अड्याळहून निघणारे सगळेच रस्ते तेव्हा सारखेच खराब होते, पण हे त्याला सांगण्याची आमच्यापैकी कोणाची टाप नव्हती. ट्रायलहून आल्यावर कधी कधी तो चांगली चालणारी गाडी न बोलता पुन्हा खोलायला घ्यायचा. त्याचं कोडं मला उलगडत नसे.

एका हिवाळ्यात त्याच्या दारी घरगाडी आली. नागपूरचे एक निवृत्त डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी. त्यांनी जुनी व्हॅन घेऊन तिच्यात संसार थाटला होता. दोन बाकड्यांच्या रात्री खाटा होत. कोपऱ्यात स्टोव्ह, मांडणीवर डबे, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आणि ड्रायव्हरच्या पाठीशी डब्यात लावलेली तुळस. पवनीची देवळं पाहून परतताना गाडी मागून विव्हळायला लागली आणि अड्याळच्या अलीकडे बसली. बैलजोडी लावून तिला शेडापर्यंत ओढून आणलं.

डोमाजीने करंगळी चाखली आणि एकदम डोळे उघडले. "जोडी कोनं फोडली?"

डॉक्टर ओशाळले. मागच्या वर्षी शहरातल्या कोण्या मिस्त्रीने नुसतं पिनियन बदललं होतं. गोळा खोलला तर आत लोखंडाचा चुरा चांदीसारखा चमकत होता आणि क्राऊनचा एक दात मुळापासून गेला होता.

इतक्या जुन्या गाडीची नवी जोडी मिळणं मुश्कील. डोमाजी नागपूरच्या भंगार बाजारात दोनदा गेला आणि रिकाम्या हाताने आला. सुटी चाकं ढिगाने होती, जोडी नव्हती. तिसऱ्या खेपेला तो एसटीतून उतरला तो छातीशी गाठोडं दोन्ही हातांनी धरून. "नंबर तुमी वाचा, गुर्जी. मले खरं वाटून नाही राहिलं." मी वाचला. दोन्हीवर एकच होता.

तोवर डॉक्टर पती-पत्नी त्या गाडीतच राहत होते. गाडी मागून ठोकळ्यांवर उचललेली, त्यामुळे बाईंचं वरण पातेल्यात एकाच बाजूला जमायचं. त्या हसत हसत पातेल्याखाली लाकडाची ढलपी सरकवायच्या. डोमाजीला चहासाठी हाक मारली की तो रॉकेलने हात धुऊन दाराशी बसायचा आणि आत बघत राहायचा. स्टोव्ह, पडदे, तुळस. मी त्याला पहिल्यांदाच गाडीच्या आतलं काही बघताना पाहिलं.

आता जोडी बसवायची होती, आणि हे काम पाहण्यासारखं होतं. क्राऊनच्या दातांना तो तेलात कालवलेला शेंदूर फासायचा, हाताने चाक फिरवायचा आणि पिनियनने शेंदूर कुठे पुसला ते बघायचा. खूण दाताच्या मध्यावर पडली पाहिजे. कडेला पडली की सगळं उतरवायचं, पातळ पत्र्याची चकती घालायची किंवा काढायची, आणि पुन्हा शेंदूर. सहा वेळा त्याने हे केलं. दुसरा मिस्त्री दोनदा करून हात झटकून मोकळा झाला असता.

पाचव्या खेपेला शेंदूर फासलेला क्राऊन त्याने कडुनिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवला आणि चकतीसाठी पत्रा आणायला बाजारात गेला. तो वार नेमका शनिवार होता. परत येऊन बघतो तर क्राऊनपुढे नारळ फुटलेला, उदबत्ती लागलेली, आणि शेजारची सोनाबाई हात जोडून उभी. डोमाजी चाक उचलायला वाकला.

"देव उठवाचा नसते, डोमा."

"हा देव नोहे, माय. गाडीचा क्राऊन हाय."

"शेंदूर कोनं लावला?"

"मीच."

"मंग?" सोनाबाई म्हणाली.

शेवटी डोमाजीने शेडातून जुना क्राऊन आणला, त्याला शेंदूर फासला आणि म्हणाला, हा ठेव, तो दे. सोनाबाईने निरखून पाहिलं. "याचा दात तुटला हाय. खंडित देव पुजत नाही."

"गनपतीचे दोनी दात साबूत हाय काय?"

सोनाबाईने थोडा विचार केला आणि नव्या देवाला हळदकुंकू वाहिलं. आम्ही सुटलो असं वाटलं, तर डोमाजी पुन्हा आत गेला आणि ते जुनं पिनियनही आणून क्राऊनला लावून ठेवलं. मी विचारलं, आता हे कशाला? "वर्षभर भांडून एकमेकाचे दात पाडले त्याहिनं," तो म्हणाला. "पन संगं होते."

दोन दिवसांनी घरगाडी ट्रायलला निघाली. डॉक्टर आणि बाई आपल्या घरातच बसले होते, मी पुढे डोमाजीशेजारी. कोंढ्यात एका अंगणासमोर त्याने गाडी थांबवली आणि इंजिन चालू ठेवून समोरच्या काचेतून सरळ बघत राहिला. मागचं बघणाऱ्या माणसाने मान वळवली नाही.

अंगणात तांदूळ पाखडत असलेली बाई सूप ठेवून उठली. कुडाजवळ आली, पण बोलली माझ्याशी. "गुर्जी ना तुमी? त्याहिले सांगा, एक डाव विहिरीपर्यंत नेऊन आना."

मी निरोप दिला. निरोप घ्यायचा माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर होता. गाडी विहिरीपर्यंत जाऊन आली. रुखमा डोळे मिटून उभी होती, अगदी डोमाजी तेल चाखताना मिटतो तसे.

"मांगच्या खेपेच्या जीपले बारीक आवाज होता. कुडामांगून सांगतलं होतं. खोलली काय म्हना."

खोलली होती. मीच तेलाच्या डब्यावर बसून पाहिलं होतं. बारा वर्षं या माणसाने एकही गाडी तिच्या कानाखालून गेल्याशिवाय मालकाला दिली नव्हती, आणि आम्ही मात्र त्याच्या जिभेचं कौतुक करत होतो. मला स्वतःचीच लाज वाटली.

"ही बरी हाय. बसली जोडी," रुखमा म्हणाली. डोमाजीने इंजिन बंद केलं. "अन् निंबाखाली देवाले बायको बसवून देली म्हनते. लयच दयाळू हाय मिस्त्री."

डॉक्टरीणबाईंनी गाडीचं दार उघडलं आणि तिला चहाला आत बोलावलं. रुखमा चपला खाली काढून चढली. तिने पडद्याचं टोक चिमटीत धरून पाहिलं, डब्यांवरून हात फिरवला, तुळशीला नमस्कार केला. डोमाजी उतरून दाराशी येऊन उभा राहिला होता. ती त्याच्याकडे वळली.

"घर आनलं," ती म्हणाली. हे माझ्या मार्फत नव्हतं. "आनलं तं खरं. पन लोकाचं हाय."

"नमुना आनला दाखवाले," डोमाजी म्हणाला. मग तिच्याकडे बघून, "तुले कसं पायजे, सांग."

तो गाडीच्या मागे गेला. मागच्या पत्र्यावर रस्त्याची धूळ बोटभर बसली होती. तिच्यात त्याने बोटाने एक चौकोन काढला, मध्ये रेघ मारली, दार दाखवलं. रुखमा उतरून आली आणि बघत राहिली. मग तळव्याने एक भिंत पुसून टाकली.

"सैपाकखोली इतकीशी? मी उभी कोठं राहू?"

त्याने भिंत सरकवली.

"अन् शेड?"

"शेड नेतो ना लांब. रस्त्याच्या पल्याड."

"लांब कायले?" ती म्हणाली आणि सैपाकखोलीला लागूनच बोटाने शेड काढलं. "आवाज आला पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर शेडावरून निघाले. जाण्याआधी ते ओलं फडकं घेऊन गाडी पुसत पुसत मागे आले, तेव्हा डोमाजीने त्यांचा हात धरला.

"राहू द्या, डाक्टरसाहेब. मागचं कोनी पायत नाही."

गाडी भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली. आवाज अजिबात नव्हता. दोन खोल्या, एक मोठी सैपाकखोली आणि शेड पाठीवर घेऊन ती वळणाआड जाईपर्यंत डोमाजी बघत उभा होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गुर्जी, विटा कोठच्या चांगल्या? पवनीच्या का मोहाडीच्या?"