नकाशेवाल्यांची कोरी पाठ

नकाशेवाल्यांनी पोहायला जायचं ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. खरं तर ठरवलं त्यांच्या बायकोने. नकाशेवाल्यांनी नुसतं "हं" म्हटलं. आता "हं" म्हणजे काही होकार नव्हे. पण संसारात त्याला सही-शिक्क्याची किंमत असते. (लग्न झालेल्यांना हे समजावून सांगायला नको.)

नकाशेवाले म्हणजे पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणारे गृहस्थ. उभं आयुष्य त्यांनी कागदावर तलाव आणि टाक्या निळ्या शाईने रंगवल्या. रंगवता रंगवता तंद्री लागायची. तलावाच्या मधोमध आपण उताणे तरंगतोय, कानांत पाणी गुणगुणतंय, वर ढग निवांत चाललेत, आणि शेजारी बायकोही तरंगतेय, एक शब्दही न बोलता. (हे शेवटचं स्वप्नातच शक्य होतं.) तंद्री उतरली की दिसायचं, तलाव कागद सोडून टेबलावर पसरलाय आणि साहेब समोर उभे आहेत.

तर बायकोचे गुडघे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पोहायला शिका, पाण्यात व्यायाम करा. नाहीतर पुढेमागे ऑपरेशन आहेच." ऑपरेशनचं नाव काढल्यावर बाईंचे हातपाय गार पडले. हिंमत करून त्यांनी जोडप्यांच्या बॅचमध्ये नाव घातलं, आणि पहिल्या दिवसापासून उथळ पाण्यात भिंतीचा दांडा धरून उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

"सोडा दांडा, बाई," शिकवणारे सर म्हणायचे.

"सोडते ना. हे पाण्यात आले की सोडते. ह्यांच्या खांद्यावर हात असला की मी समुद्रातसुद्धा जाईन."

हे ऐकून कुणाचीही छाती फुगेल. नकाशेवाल्यांचीही फुगली, पण पाठ आड आली.

पाठीचं सांगायलाच हवं. तरुणपणी त्यांच्या डोक्यावर भरघोस केस होते. पुढे त्या केसांनी तिथलं बिऱ्हाड हलवलं आणि खाली पाठीवर येऊन प्रशस्त वसाहत केली. खांद्यांपासून कमरेपर्यंत नुसतं रान! घरातही बनियन आंघोळीपुरतीच उतरायची. आता ते रान चारचौघांत उघडं करायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं, लेझरने पाठ साफ करून घ्यायची, बायकोला पत्ताही लागू द्यायचा नाही, आणि एक दिवस चकाचक पाठीने पाण्यात उतरून तिला चकित करायचं.

क्लिनिकमध्ये मंद उजेड होता, कुठूनतरी मंद संगीत येत होतं, आणि तिथली डॉक्टरीणबाई इतकी हळू बोलायची, की नकाशेवाल्यांना खुर्चीतच पेंग येऊ लागली.

"काका, मशीन प्रकाश सोडतं. केसाचा काळा रंग तो शोषून घेतो, त्याची उष्णता मुळापर्यंत जाते आणि मूळ दुबळं होतं. पांढऱ्या केसांवर मात्र काही चालत नाही."

"म्हणजे आज सगळे जातील?"

"छे हो! सगळे केस एका वेळी वाढत नसतात. बरेचसे झोपलेले असतात. जे जागे, त्यांच्यावरच लेझर चालतो. बाकीचे उठतील तसतसं पुन्हा यायचं, मधे महिना-दीड महिना सोडून. पाच-सहा खेपा धरून चाला. नंतरही एखाददुसरा उगवेल, पण अगदी विरळ."

त्या झोपलेल्या केसांबद्दल नकाशेवाल्यांना एकदम माया वाटली. झोपलेल्यांना कुणी त्रास देऊ नये, हे तर त्यांचं स्वतःचं जन्मभराचं म्हणणं होतं. (ऑफिसात ते कुणी ऐकलं नाही, ही गोष्ट वेगळी.)

"येताना पाठीवर वस्तरा फिरवून या. उपटायचे नाहीत, मूळ जागेवर पाहिजे. उन्हात उघडं फिरायचं नाही. आणि प्रत्येक खेपेनंतर काही दिवस पोहण्याच्या तलावात उतरायचं नाही हं, क्लोरीन झोंबतं."

म्हणजे तलावात उतरण्यासाठी तलाव बंद! पण आता माघार कसली? पाठीवर स्वतःचा हात पुरत नाही म्हणून नकाशेवाले न्हाव्याकडे गेले आणि बनियन काढून आरशाकडे पाठ करून बसले. न्हावी बराच वेळ वस्तरा हातात धरून ते दृश्य बघत राहिला.

"साहेब, कलम कुठवर ठेवू?" त्याने शेवटी विचारलं.

पहिल्या खेपेला डोळ्यांवर काळा चष्मा, पाठीवर गारेगार जेल, आणि मग चट्! रबरबँड ताणून सोडावा तसं. चट्, चट्. केस जळल्याचा किंचित वास. पहिल्या काही चटक्यांना नकाशेवाल्यांनी देवाचं नाव घेतलं, पण चष्म्याआड काळोख, पाठीला गारवा, आणि ते आपले चक्क तरंगायला लागले. निळा तलाव, ढग, बायको. पाठीला मधूनच मासे टोचत होते, इतकंच. आपण मासा व्हायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. माशांना बनियन लागत नाही.

"काका, झालं. उठा."

पाठ थोडी लाल झाली, ती दोन दिवसांत निवली. त्यानंतर आठवड्याभराने जळके केस गळायला लागले, बनियनमधून, सदऱ्यातून, आणि मुख्य म्हणजे अंथरुणात.

"अहो, गादीत किडे झालेत!" बायको ओरडली. "हे बघा, काळे काळे!"

नकाशेवाल्यांनी पेपर तोंडासमोर धरला. बायकोने फवारणीवाल्याला बोलावलं. त्याने बॅटरी मारून चादर न्याहाळली, एक कण बोटावर घेऊन उजेडात धरला.

"बाई, याला पाय नाहीत."

"मग हे चढले कसे वर?"

"तेच मलाही कळत नाहीये," असं म्हणून त्याने सगळीकडे फवारलं. दर खेपेनंतर हे बिनपायाचे किडे पुन्हा हजर व्हायचे आणि फवारणीवालाही. शेवटी तो घरच्यासारखा झाला, चहा मागून घ्यायला लागला.

पण तिकडे महिने सरत होते. नकाशेवाल्यांना कधी सर्दी व्हायची, कधी ऑफिसात तपासणी निघायची, कधी कान दुखायचा. बायको दांडा धरून उभी ती उभी. सरांनी शेवटी सांगितलं, "बाई, ही बॅच आता संपत आली." त्या संध्याकाळी ती घरी आली ती गुडघे धरून पलंगावर बसली.

"खरं सांगा. माझ्याबरोबर पाण्यात यायची लाज वाटते तुम्हाला?"

सगळं सांगून टाकावं असं नकाशेवाल्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण एकच खेप राहिली होती, आणि चकित करण्याचा हट्ट मोठा वाईट.

"पुढच्या आठवड्यानंतर येतो. तुझी शपथ."

"तुमचं येणं मला पाठ आहे," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

बॅचच्या शेवटच्या दिवशी ते खरंच आले. त्यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत बनियन उतरवली, आरशात मान वळवून पाहिलं. कोऱ्या कागदासारखी पाठ! (चार पांढरे केस तेवढे शिल्लक होते.) डोक्याला रबरी टोपी चढवून ते पायऱ्या उतरले. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. छतातून झिरपणारा उजेड पाण्यावर हलत होता, आवाज सगळे लांबून आल्यासारखे येत होते. आपण नकाशाच्या आत शिरलोय, असं त्यांना वाटलं. ते तंद्रीत तसेच उभे राहिले. आता बायको बघेल, आता बघेल.

बायकोचा चष्मा सरांच्या टेबलावर होता. चष्म्याविना तिला माणूस आणि खांब यांत फरक कळत नसे. "आलेत हो तुमचे हे," असं सरांनी सांगितल्यावर तिने डोळे बारीक करून पाण्यात पाहिलं. सगळ्यांच्या डोक्यांवर सारख्याच टोप्या. पण पलीकडे एक रुंद, काळीभोर, ओळखीची पाठ उभी होती. तिचा चेहरा उजळला. तिने दांडा सोडला, दोन ढांगांत जाऊन त्या खांद्यांवर हात टाकले आणि पाय वर उचलले.

आणि बाई तरंगल्या!

"बाई, अहो, मी..." ते केसाळ गृहस्थ थिजले.

"बोलू नका हो! मी बुडेन!"

नकाशेवाले धडपडत पोचले. "अगं, मी इकडे आहे!"

बायकोने धूसर नजरेने त्या गुळगुळीत परपुरुषाकडे पाहिलं. "सरका हो बाजूला! दिसत नाही का, मी ह्यांच्याबरोबर आहे."

तिचे पाय पाण्यात संथ हलत होते, गुडघे दुखत नव्हते, चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू होतं. नकाशेवाल्यांना तिचं कौतुक वाटलं आणि त्या पाठीचा तितकाच हेवा वाटला.

चष्मा डोळ्यांवर चढल्यावर उलगडा झाला. बायकोने नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"ही कुणाची पाठ?"

"माझीच. तुझ्यासाठीच साफ केली गं."

"अहो वेड्या माणसा," ती म्हणाली, "मला विचारायचं तरी!"

तेवढ्यात ते केसाळ गृहस्थ टॉवेल लपेटून ओशाळत जवळ आले आणि नकाशेवाल्यांच्या कानाशी लागले, "एक विचारू? पाठ छान झालीये. कुठे केलीत? मला पत्ता द्याल?"

नकाशेवाल्यांची छाती फुगली. ते तोंड उघडणार, इतक्यात बायको मधे पडली.

"अजिबात सांगू नका हो त्यांना! पुढच्या बॅचमध्ये मला खोल पाण्यात जायचंय."