साहेब उडत नाहीत

चार वाजेपर्यंत फोटो पोहोचला नाही, तर साहेब कायमचे प्राणिसंग्रहालयात जाणार होते. साहेब म्हणजे गरुड. आठ महिन्यांपूर्वी पंख मोडून ते वहिनींच्या पक्षी-केंद्रात दाखल झाले, आणि तेव्हापासून घरातल्या कुणालाच त्यांनी भाव दिला नव्हता. पंख आता बरा होता. पण वन कार्यालयाला पुरावा हवा होता: लांब पिंजऱ्याच्या या टोकाहून त्या टोकाला उडतानाचा फोटो.

फोटोसाठी वहिनींनी धाकट्या दिराला बोलावलं. त्याचा सगळा अनुभव लग्नांचा.

"साहेब, मान जरा डावीकडे. छान. आता उडा."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

वहिनींनी पलीकडच्या दांडीवर मांसाचा तुकडा ठेवला. एरवी तुकडा दिसताच झेप घेणारे साहेब जागचे हलेनात. तेव्हा वहिनींनी त्यांना हातमोज्यावर घेतलं आणि वजनकाट्यावर बसवलं. भरल्या पोटी गरुड उडत नाही, हे त्यांनी घरात शंभरदा सांगितलं होतं. काटा पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"यांना कुणी खायला घातलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "फोटोला काय उपाशी पोटी बसवायचं? थोडंसंच दिलं गं."

"थोडं मीपण," दीर कॅमेऱ्याआडून पुटपुटला. "ओळख वाढावी म्हणून."

"दोघांचं मिळूनही एवढं वजन भरत नाही..." वहिनींनी वाक्य अर्धवट सोडून साहेबांना पुन्हा दांडीवर नेऊन बसवलं. आजचा दिवस शेवटचाच ठरला तर, या विचाराने पहाटे त्यांनीही एक उंदीर सरकवला होता.

तीन वाजले. साहेब पंखात चोच खुपसून बसले होते. वहिनींचा धीर सुटत चालला होता. एवढ्यात पंख बरा असल्याच्या दाखल्यावर सही करायला पक्ष्यांचे डॉक्टर आले आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी साहेबांच्या बाजूचं दार उघडलं.

"काय साहेब, कसं काय?"

दोन महिने रोज सुई टोचणाऱ्याचा तो आवाज साहेब विसरले नव्हते. झोप, जेवण, रुबाब सगळं तिथेच टाकून ते सुटले. समोरून येणारं ते धूड पाहून दिराची बोबडी वळली, आणि बोट बटणावर दाबलं गेलं ते सुटेचना.

फोटोत पंखांचं शेवटचं पीससुद्धा स्पष्ट आलं होतं. मागे कोपऱ्यात डॉक्टर दोन्ही हात वर करून नाचत होते. कार्यालयाचं उत्तर तासाभरात आलं: सोडण्यास हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे माळावर गेले. वहिनींनी पेटीचं दार उघडलं. साहेब बाहेर आले, समोरच्या दगडावर चढले आणि तिथेच बसून राहिले.

वहिनींनी वळून पाहिलं.

"प्रवासाला उपाशी पोटी कसं पाठवायचं?" सासूबाई म्हणाल्या.

"डॉक्टर," वहिनींनी गाडीमागे लपलेल्या डॉक्टरांना हाक मारली, "जरा पुढे या."

डॉक्टरांनी डोळे पुसले. खिशातून रिकामी सिरिंज काढली आणि ती उंच धरून ते पुढे झाले.

साहेब उडाले ते थेट डोंगरापलीकडे. दिराने मात्र कॅमेरा आभाळाकडे नेलाच नाही. त्याने तो या तिघांकडे वळवला, आणि फोटो काढताना आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणाला 'हसा' म्हणावं लागलं नाही.