तात्यासाहेबांची डिक्कीवाली गाडी

तात्यासाहेबांनी गाडी घेतली ती सोमनाथच्या लग्नापायी. पोराची तीन स्थळं मोडली होती, अन् आपण मोटारसायकलवर गेलो म्हणूनच ती मोडली, असं त्यांचं ठाम मत. आता सिल्लोडच्या शिवराजरावांची श्रेया बघायला जायचं, तर डिक्कीवाल्या गाडीतनंच!

"छोट्या गाडीलाच कंपनीनं मागनं एक खोली काढली," ते भेटेल त्याला सांगायचे. "लांबी चार मीटरच्या आत, म्हणून कर कमी. रुबाब मात्र मोठ्या गाडीचा. अन् चावी फिरवायची भानगडच नाय. चावी जवळ असली की बटण दाबायचं, गाडी सुरू."

निघताना बायको वच्छलाबाईंनी गाडीची पूजा केली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, अन् ताटात ठेवून चावीलाही हळदकुंकू. तात्यासाहेबांनी बटण दाबलं, गाडी सुरू झाली. वच्छलाबाई ताट देवापुढं ठेवून आल्या अन् मागं बसल्या. चावी राहिली ताटातच.

फाटकाबाहेर पडताच गाडी पीं पीं करायला लागली.

"पट्टे लावा म्हणतीय," तात्यासाहेब म्हणाले. तिघांनी पट्टे लावले. गाडी ओरडतच राहिली.

"तात्या, समोर चावीचं चित्र दिसतंय," सोमनाथ हळूच बोलला.

"नवी हाय, सगळंच दाखवती. तू गप बस."

शिवराजरावांच्या दारात त्यांनी ऐटीत गाडी बंद केली. चहापोहे झाले. शिवराजराव म्हणाले, "चला, एक चक्कर मारू." तात्यासाहेबांनी बटण दाबलं. गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं. स्टिअरिंगसुद्धा हलंना.

"चावी कुठंय?" शिवराजरावांनी विचारलं.

तात्यासाहेबांनी सगळे खिसे चाचपले. वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बया, ती तर देवापुढं!"

घरी असलेला पुतण्या आकाश चावी घेऊन एसटीनं निघाला. त्याला यायला चार तास लागले. चौथं स्थळही गेलं, ह्या विचारानं तात्यासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. लाज झाकायला ते एअरबॅग, कॅमेरा, मायलेज असं एकेक सांगतच सुटले. शिवराजरावांकडं जमलेले पाव्हणे एकेक करून उठून गेले. सोमनाथ तेवढा शेजारी बसून मान डोलवत होता. श्रेया दारातनं सगळं बघत होती.

चावी आल्यावर शिवराजरावांनी तात्यासाहेबांना बाजूला घेतलं. "पोरीचा होकार हाय."

"गाडी पसंत पडली व्हय?"

"नाय. ती म्हणती, चार तास बापाचं गाडीपुराण ऐकूनबी पोरगा एकदासुद्धा वैतागला नाय. एवढं ऐकून घेणारा नवरा लई नशिबानं मिळतो."

तात्यासाहेबांचा जीव भांड्यात पडला. "म्हंजी गाडीमुळंच जमलं की," ते म्हणाले.

सोमनाथनं मान डोलावली.