मेबलला पंखा नव्हता

"मिस्टर हॉजेस आपल्या मेबलमध्येच बसतील," असं वेंडल स्ट्रॉब चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीच्या बैठकीत बोलून गेला आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. गुमान कॉफी पीत बसला असता, तर गावातल्या मोटारविक्याची उघड्या टपाची नवीकोरी गाडी मिळतच होती. (दर वर्षी मिळते. वर ड्रायव्हरही मिळतो.) पण नको तिथे तोंड उघडणार नाही तर तो वेंडल कसला!

मिस्टर हॉजेस म्हणजे वेंडलचे सासरे, व्हर्जिल हॉजेस. यंदाच्या मिरवणुकीचे मानकरी. आणि मेबल म्हणजे त्यांची अडुसष्ट सालची शर्यतीची गाडी. रंगाने लालभडक, नाकाडाने आडदांड, दारावर पांढऱ्या अक्षरांत नाव. ओहायोतल्या आमच्या कार्व्हर्स मिल गावात शेंबडं पोरही तुम्हाला सांगेल, की मेबल नऊ वर्षं पाव मैलाच्या शर्यतींना जात होती आणि एकदाही हरली नाही. पुढे ती सासऱ्यांच्या कोठारात गवताखाली गेली आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. वेंडलने ती मागितली तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला, "ने. कोंबड्या तेवढ्या ठेव."

त्यानंतर सहा वर्षं वेंडलने तिच्यापायी घराचं जे केलं, ते त्याची बायको डार्लीनच जाणे. गॅरेज मेबलला आणि घरची गाडी बर्फात. इंजिनाचे भाग भांडी धुण्याच्या मशीनमध्ये. रंगवलेली झाकणं ओव्हनमध्ये वाळत. एका थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजलेल्या टर्कीला असा काही वास आला, की पाहुण्यांनी नुसत्या उकडलेल्या बटाट्यांवर भागवलं. पण वेंडलचा हट्ट एकच. मेबल शर्यतीत होती तशीच्या तशी उभी करायची. जुने फोटो भिंग लावून बघायचे आणि फोटोत नाही ती वस्तू गाडीत नाही. फोटोत हीटर नव्हता, रेडिओ नव्हता, मागची सीट नव्हती. आणि इंजिनापुढे ते गार ठेवणारा पंखा नव्हता.

एवढा खटाटोप कशासाठी? तर एका 'शाब्बास'साठी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या तोंडून तो शब्द काही निघाला नव्हता. वेंडल त्यांना अजून 'मिस्टर हॉजेस' म्हणायचा आणि ते त्याला नावानेसुद्धा हाक मारत नसत. तो विमा कंपनीत कारकून, म्हणून त्यांच्या लेखी तो 'विमेवाला'. मेबल तयार झाली तेव्हाही ते एकदाच तिच्याभोवती फिरले, बॉनेट उघडून आत बघितलं, "हं" म्हणाले आणि जेवायला निघून गेले. त्या 'हं'वर वेंडलने आठवडाभर विचार केला.

आता मिरवणुकीत सगळ्या गावासमोर ते मेबलमध्ये बसतील, मन भरून येईल आणि शब्द बाहेर पडेल, असा त्याचा हिशेब होता.

"पंखा बसव," आदल्या दिवशी 'पाय' या फळं भरून भाजायच्या पदार्थाची पारी लाटता लाटता डार्लीन म्हणाली.

"पंखा? मेबलला?" वेंडलने असा चेहरा केला, जणू तिने चर्चमध्ये पत्ते कुटायला सांगितले होते. "अगं, पाव मैल ती डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर तोडायची. पंखा हवाय कशाला?"

"उद्या पाव मैल नाहीये. अख्खी मेन स्ट्रीट आहे, आणि पुढे शाळेचा बँड आहे. पोरं चालणार, पळणार नाहीत."

"डार्लीन, फोटोत पंखा नाही."

"मग कर तुला काय करायचंय ते," ती म्हणाली आणि पीठ जरा जास्तच जोरात आपटलं. मिरवणुकीच्या दिवशी पायची स्पर्धा असते, तिथे तिला आपला स्ट्रॉबेरी-रूबार्बचा पाय ठेवायचा होता. दोन वर्षं तिचा नंबर थोडक्यात हुकला होता, आणि यंदा ती जिद्दीला पेटली होती.

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं, की लोकांनी जागा धरायला आदल्या रात्रीच मांडून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्यांवर बसवेना. मिरवणूक निघाली. पुढे बँड, मागे मेबल, तिच्यामागे आगीचा बंब. मानकरी कडक इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर गोळ्यांची बादली घेऊन बसले होते. पोरांना गोळ्या उधळायच्या आणि हात हलवायचा, एवढंच त्यांचं काम.

पण मेबलला हळू चालणं ठाऊकच नव्हतं. ती एकतर उसळायची, नाहीतर बंद पडू बघायची. दर उसळीला सासऱ्यांची टोपी पुढे यायची आणि ते ती मुकाट्याने मागे सारायचे. क्लच तर असा जड, की वेंडलचा डावा पाय लटलटायला लागला. इंजिनाच्या गडगडाटात बँडचा ब् ऐकू येईना. बँड शिकवणाऱ्या मिसेस टटल मागे वळून जे बघत होत्या, ते बघणं चर्चला जाणाऱ्या भल्या बाईला शोभणारं नव्हतं.

बँकेपाशी इंजिनाच्या तापमानाचा काटा निम्म्यावर होता. न्हाव्याच्या दुकानापाशी तो लाल पट्ट्याला टेकला. वेंडलच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मिसेस टटल! जरा भरभर चाला! हिला वारा हवाय!"

"हे मार्चिंग आहे, वेंडल! गुरं हाकणं नाही!"

"पाया पडतो, बाई! पळा!"

त्याचा रडवेला चेहरा बघून असेल किंवा मागून येणाऱ्या उसळीला घाबरून असेल, पण पोरं खरंच पळायला लागली. ढोल पुढे, बासऱ्या कुठल्या कुठे, आणि सगळ्यांत मोठं वाजंत्र गळ्यात अडकवलेला जाडा मुलगा वेंडलच्या खिडकीपाशी धापा टाकत म्हणाला, "मिस्टर स्ट्रॉब, मला आत घेता का?" आगीचा बंब दोन चौक मागे राहिला. लोकांना वाटलं, यंदा कार्यक्रमात बदल आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कसं वाटतंय, मिस्टर हॉजेस?" वेंडलने आशेने विचारलं.

"गोळ्या वितळल्या," सासरे म्हणाले.

आणि बरोबर मंचासमोर मेबलने फुस्स केलं. बॉनेटच्या फटीतून वाफेचा लोट निघाला, पाठोपाठ रेडिएटरच्या हिरव्या पाण्याची चिळकांडी उडाली, आणि ती नेमकी उडाली कुठे? तर मंचाखालच्या टेबलावर. टेबलावर बायकांचे स्पर्धेतले सगळे पाय ओळीने मांडलेले, आणि पहिला डार्लीनचा. ते पाणी विषारी. परीक्षकाने हातातला चमचा हळूच खाली ठेवला.

वेंडलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, पण मेन स्ट्रीट गेल्याच वर्षी पक्की केली होती. डार्लीन टेबलापाशी आली. हाताची घडी घालून उभी राहिली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तेवढ्यात शेजारून घरघर आल्यासारखा आवाज आला. म्हाताऱ्याला काही झालं की काय, म्हणून वेंडलने घाबरून बघितलं. मिस्टर हॉजेस हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"हुबेहूब!" ते म्हणाले. "अगदी हुबेहूब तश्शीच केलीस रे तू!"

मंचावरून मिरवणुकीचं वर्णन करणारा हार्डवेअरच्या दुकानाचा अर्नी माइक घेऊन खाली धावला. "मिस्टर हॉजेस, मेबल नऊ वर्षांत एकदाही हरली नाही, खरं ना?"

"हरेल कशी? सुरुवातीच्या रेघेपर्यंत पोचायला नको? रांगेत उभी राहिली की उकळायची! नऊ वर्षं आम्ही रांगेतूनच घरी आलो."

अख्खा रस्ता खदखदला. वेंडलच्या डोळ्यांपुढून ती सहा वर्षं, ते भिंग, ती टर्की, सगळं सरकत गेलं.

"मग मला सांगितलं का नाहीत?" त्याने कसंबसं विचारलं.

"तू विचारलंस कुठे? तू फोटो बघत होतास."

"तेव्हाच पंखा का नाही बसवलात?"

"बायको रोज सांगायची, बसव म्हणून," सासरे म्हणाले. "मग कसा बसवणार?"

डार्लीनने आळीपाळीने दोघांकडे बघितलं आणि विषारी पाय उचलून कचऱ्याच्या पिंपात टाकला.

मिरवणूक अडली होती, तेव्हा ढकलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सासरे सरकून स्टिअरिंगवर बसले. वेंडल मागून खांदा लावून, लटलटत्या पायाने, इंचाइंचाने ढकलत निघाला. चर्चपाशी, मिरवणूक संपते तिथे, रस्त्यावर आडवी फीत बांधली होती. मेबलच्या नाकाडाने ती तोडली, लोकांनी जल्लोष केला आणि सासरे टोपी हवेत हलवत खाली उतरले.

वेंडल घामाने निथळत, धापा टाकत पुढे आला. आणि त्याने तो शब्द ऐकला.

"शाब्बास," सासरे म्हणाले. आवाज चक्क कापत होता. "शाब्बास!"

 स्पर्धेतला पाय, पंखा, मिसेस टटल, सगळं वेंडल विसरला. "थँक यू, मिस्टर हॉजेस," तो कसाबसा म्हणाला.

सासऱ्यांनी मान वळवली. त्यांचा हात मेबलच्या बॉनेटवर होता.

"तुला कोण म्हणतंय?" ते म्हणाले. "बाजूला हो, तिला वारा लागू दे."