पाठककाका आणि साठ ओहम

पाठककाका रस्त्यात भेटले की ‘कसं काय’ म्हणत नाहीत. ते आपल्या डोळ्यांत बघतात आणि विचारतात, "साठ?" आपण "साठ" म्हणायचं. मग ते समाधानानं मान हलवतात आणि पुढं निघतात. एकदा आमच्या शाळेचे हेडक्लार्क माझ्याबरोबर होते. त्यांना वाटलं, वय विचारतायत. ते आपले प्रामाणिकपणे "छप्पन्न" म्हणाले. पाठककाकांनी त्यांच्याकडं इतक्या काळजीनं पाहिलं की हेडक्लार्क दुसऱ्या दिवशी बीपी तपासून आले.

मी शेख. गंगापूरला हायस्कुलात भूगोल शिकवतो आणि राहतो औरंगाबादेत, बीड बायपासच्या आतल्या बाजूला. पृथ्वी कशी फिरते हे मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलो, पण माझ्या गाडीचं स्टिअरिंग कसं फिरतं हे मला पाठककाकांनी सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की हल्लीच्या गाडीत दोन डबे असतात. एक स्टिअरिंगपाशी, दुसरा मोटरीपाशी. आपण चाक किती वळवलं हे पहिला दुसऱ्याला सांगतो आणि दुसरा मोटर फिरवून आपल्याला जोर देतो. त्यांचं हे बोलणं दोन बारीक तारांतून चालतं, आणि त्या तारा एकमेकींना पीळ घालून बसवलेल्या असतात. पाठककाका त्यांना ‘वेणी’ म्हणतात. बॅटरी सोडवून वेणीला मीटर लावला आणि साठ ओहम आलं, तर सगळं ठीक. एकशेवीस आलं, तर कुठंतरी तुटलंय. मग दोघांचं बोलणं बंद, समोर पिवळा दिवा लागतो आणि स्टिअरिंग जात्यासारखं जड होतं.

एवढ्या दोन आकड्यांवर पाठककाकांनी सगळं जग मोजायला घेतलं होतं. गल्लीत कुणाची बायको रुसून माहेरी गेली की ते म्हणायचे, "एकशेवीस दाखवतंय." ती परत आली की, "आलं बघा साठावर." निवडणुकीला उभा राहिलेला माणूस ‘घरोघरी रोज पाणी’ असं सांगून गेला, तेव्हा म्हणाले, "याला मीटर लावायला टोकच सापडत नाही, सर."

त्यांचे आजोबा पैठणला पूजा सांगायचे. वडील कचेरीत कारकून. पाठककाका स्वतः वाळूजच्या एका कारखान्यात मीटर-बिटर सांभाळायचे. तो बंद पडल्यावर त्यांनी बायपासच्या मागं एका कडुलिंबाखाली पत्र्याची शेड टाकली. बोर्ड नाही, कार्ड नाही. पण आजोबांचं सोवळं नातवात उतरलंच. गाडीत बसायचं तर चप्पल बाहेर. गिऱ्हाइकाचीही आणि त्यांचीही. आणि कुठल्याही डब्याला हात लावण्याआधी शेडच्या कोपऱ्यातल्या लोखंडी नळाला बोटं टेकवायची. अंगातली वीज जमिनीत जाते म्हणे. आता तो काळ कसला? लागोपाठ दुष्काळ. तेव्हाच्या औरंगाबादेत आमच्या भागाला पाणी आठवड्यानं यायचं, तेही आलं तर. बाकी सगळा टँकरचा कारभार. एका बाजूला इमारतींवर इमारती चढतायत, दुसऱ्या बाजूला बाया घागरी घेऊन उन्हात उभ्या. आणि हा माणूस दिवसातून वीस वेळा कोरड्या नळाला हात लावून येतोय. समोरचा चहावाला गणू सगळ्यांना सांगायचा, "काकांचं डोकं फिरलंय पाण्यापायी. लई वाईट वाटतं बघून."

गाडीला स्कॅनर लावला की बोलायचं नाही, हा तिसरा नियम. "दोघांचं बोलणं ऐकतोय ना मी, मग तिसऱ्यानं तोंड घालू नये." त्या वेळी गणूसुद्धा चहा गाळायचा थांबायचा.

पण माणूस पक्का. बायपासला नवी चकाचक शोरूम झाली होती, काचेच्या भिंती आणि आत थंडगार. तिथं काही सापडलं नाही की स्टिअरिंगचा अख्खा संच बदला म्हणून सांगायचे. तिथलेच दोघं-तिघं मिस्त्री गपचूप पाठककाकांकडं गाड्या पाठवायचे. काका अर्धा तास शांत बसायचे, मग कुठंतरी सीटखाली हात घालून हिरवट पडलेली एक पिन काढून दाखवायचे. "डबे चांगले आहेत हो. मधल्या मधे कुणीतरी काडी घातलीय." त्यांची सगळी कमाई या नावावर होती. ‘सापडत नाही’ हे शब्द त्या शेडमध्ये कुणी ऐकले नव्हते. बोर्ड नसलेल्या माणसाचं नाव गेलं की दुकानच गेलं, हे तेही जाणून होते आणि मीही.

एका मार्चमध्ये माझ्या गाडीचा पिवळा दिवा लागला. गंगापूरहून येताना वळणावर स्टिअरिंग एकदम असं जड झालं की माझ्या तोंडून अल्लाचं नाव आधी निघालं आणि ब्रेक मागनं लागला. कसाबसा शेडपर्यंत आलो. पाठककाकांनी चप्पल काढली, नळाला हात लावला, मीटर लावला. "एकशेवीस. राहू द्या गाडी. उद्या बिडकीनला जायचंय, तिथल्या कंपनीच्या बसगाड्या अडल्यात. आलो की करतो."

आठ दिवसांनी मी गेलो. काका म्हणाले, "अजून बघतोय."

पुढच्या आठवड्यात गेलो. काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "सापडत नाही, सर."

माझा विश्वास बसेना. मी म्हणालो, "तुम्हाला?"

"मला."

आणि ते दुसऱ्या गाडीच्या पोटात शिरले. इकडं माझे हाल सुरू झाले. गंगापूरला शेअर जीपनं जायचं म्हणजे नऊ जणांच्या जागेत चौदा माणसं आणि एखादं शेळीचं पिल्लू. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर आणि त्यावर शेजारच्याचं डोकं. जीपवाला वर म्हणायचा, "सरकून घ्या सर, तुमी तर बारीक हाय." घरी आलो की बेगम दारातच विचारायची, "तुमारे पाठककाका गाडी देतेच नै क्या?" मी म्हणायचो, "फॉल्ट अवघड आहे." ती म्हणायची, "फॉल्ट नै, तुमे सीधे हैं." खरं सांगतो, मला काकांचा राग यायला लागला होता.

गणूच्या टपरीवर तर चेष्टाच सुरू झाली. "काकांची विद्या आटली, नळावाणी." लोक हसायचे. शोरूमचे मिस्त्री गाड्या पाठवीनासे झाले. बिडकीनच्या बसगाड्याही तिकडंच जायला लागल्या. शेडपुढं एरवी तीन-चार गाड्यांची रांग असायची. आता एकटी माझी, बॉनेट अर्धवट मिटलेली, कडुलिंबाखाली. महिना होत आला तसा मीही हात टेकले. एका शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून मी टोचनगाडी बोलावली आणि शेडवर गेलो. म्हटलं, घेऊन जातो शोरूमला, बदलू देत काय बदलायचं ते.

टोचनगाडी बघून पाठककाका उठले आणि बॉनेटपुढं उभे राहिले. नुसते उभे.

"काका, बाजूला व्हा."

"नका नेऊ, सर."

"तुम्हाला सापडत नाही म्हणता, मग ठेवून काय करू? मी रोज जीपमध्ये चेंगरून निघतोय."

टोचनवाल्यानं साखळी खडखडवली. तसे काका दचकले आणि ओठांवर बोट ठेवलं. स्कॅनर लावल्यावर ठेवायचे तसंच. मग त्यांनी चप्पल काढली. मला म्हणाले, "तुम्हीही काढा." मी काढली. का काढली, अल्ला जाणे. त्यांनी दोन बोटांनी बॉनेट वर उचललं आणि काचेखालच्या खोबणीकडं दाखवलं. तिथलं प्लास्टिकचं झाकण निघालेलं होतं. आत कापसाचा, काथ्याचा, कुणाच्या तरी जुन्या बनियनच्या चिंध्यांचा गोळा होता. आणि त्या गोळ्यात तीन पिल्लं. खारीची. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, नुकतीच लव आलेली, एकमेकांत घुसून झोपलेली.

"डोळे उघडले नाहीत अजून," काका कुजबुजले. "आठेक दिवसांत उघडतील. मग आणखी महिनाभर तरी आईजवळच."

काका बोलत राहिले. "फॉल्ट पहिल्याच दिवशी सापडला होता, सर. वेणीतली एक तार कुरतडलीय. इथंच, या घरट्याच्या खाली. झाकण मी काढलं आणि तसंच टाकून बिडकीनला गेलो. परत येऊन बघतो तर हिनं संसार मांडलेला. चूक माझी. तार जोडायला वीस मिनिटं लागतील, पण त्यासाठी हे सगळं उचलावं लागेल. माणसाचा हात लागला आणि आई परत आलीच नाही तर काय करायचं?"

"तार हिनंच कुरतडली असेल."

"हिनं नाहीतर हिच्या भावकीतल्या कुणी. त्यांनी तरी काय करावं? कुठं थेंब नाही पाण्याचा. एसीचं पाणी टपकतं ते प्यायला गाडीखाली येतात, आणि मग वर चढतात."

पुढच्या चाकाशी डब्याचं एक झाकण ठेवलेलं मला तेव्हा दिसलं. त्यात पाणी होतं. टँकरचं, विकतचं.

"मग हे सांगायचं ना काका! महिनाभर लोक तुम्हाला हसतायत. गाड्या यायच्या बंद झाल्या."

"कुणाला सांगू? सांगितलं असतं की अर्धी गल्ली बघायला आली असती. कुणी हात लावला असता, कुणी उचलून घरी नेलं असतं. आणि गणूचं मांजर काय सोडणार आहे?" मग ते म्हणाले, "तुम्हाला सांगणार होतो. पण तुम्ही म्हणाला असता, काढून टाका."

मी म्हणालो असतो. भूगोलाचा मास्तर असलो तरी खोटं कशाला बोलू? महिनाभर जीपमध्ये चेंगरलेला माणूस दुसरं काय म्हणणार.

"नावाचं काय काका? नाव चाललंय तुमचं."

"नाव होतंय परत," ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र काही तसं म्हणत नव्हता. "घरी कुलूप उघडून आत जायचं आणि कुलूप लावून बाहेर यायचं, एवढंच आहे माझं. भाऊ पुण्याला, त्यालाही वर्ष झालं येऊन. इथं सकाळी मी आलो की ही बाई चिरचिर करून अंगावर येते. उशीर का केला म्हणून विचारल्यासारखी. मला बरं वाटतं, सर."

टोचनवाला हॉर्न वाजवायला लागला होता. मी जाऊन त्याला सांगितलं, "गाडी झाली. तू जा." तो वैतागला. त्याचं भाडं देऊन मी जीपच्या थांब्याकडं निघालो, तर समोरून गणूनं विचारलं, "काय सर, काकांना जमलं का नाय?"

"माझंच चुकलं," मी म्हणालो. "भलताच पार्ट हवाय. मीच आणून देत नाही." मला वाटतं, माझ्या नोकरीत मी इतकं सरळ तोंडानं खोटं कधी बोललो नव्हतो. बेगमलाही तेच सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. बहुतेक तिनं मला कायमचं ‘सीधा’ समजून सोडून दिलं असावं.

परीक्षा संपल्या, निकाल लागले, सुट्टी पडली. मी दुपारी शेडवर जाऊन बसायला लागलो. काका आणि मी दोन स्टुलांवर, बॉनेटकडं तोंड करून, न बोलता. पिल्लांनी डोळे उघडले तो दिवस काकांनी मला फोन करून कळवला. मी घरच्या शेंगदाण्यांतले मूठभर घेऊन गेलो. एक पिल्लू पहिल्यांदा काचेवर चढलं आणि घसरून पडलं, तेव्हा आम्ही दोघं वयस्क माणसं टाळ्या पिटता पिटता राहिलो.

मेच्या शेवटी काकांचा फोन आला. "गाडी झाली, सर."

गेलो. एका बोटानं स्टिअरिंग फिरत होतं. काकांनी मीटर लावून साठ दाखवलं. शोरूमचा एक मिस्त्रीही योगायोगानं तिथं आलेला होता. तो चक्रावून म्हणाला, "काय बदललं, काका?" काका म्हणाले, "दोन इंच तार." दुसऱ्या दिवसापासून शेडपुढं पुन्हा गाड्या लागल्या, हे सांगायला नकोच.

मिस्त्री गेल्यावर मी विचारलं, "आणि ती?"

"गेली. परवा सकाळी आलो तर कुणीच नव्हतं." त्यांनी घरटं मोडलं नव्हतं. उचलून शेडच्या फळीवर ठेवलं होतं.

काकांच्या हातात तारेच्या जाळीचा एक तुकडा होता, खोबणीच्या मापाचा कापलेला. "ही बसवायची असते. म्हणजे परत जनावर शिरत नाही." ते जाळी हातात घेऊन उभेच राहिले. एकदा गाडीकडं बघितलं, एकदा झाडाकडं. त्रेसष्ट वर्षांचा हा माणूस मला जाळी बसवू का विचारत होता, आणि नको म्हणा असंही विचारत होता.

"राहू द्या जाळी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ रुमालानं मीटर पुसत बसले. मी चप्पल घातली, गाडी सुरू केली, तसे ते खिडकीपाशी आले.

"मग अधूनमधून इथं झाडाखाली लावत जा, सर. बिघडली नसली तरी. मी रोज असतोच." आणि मग थोडं ओशाळून म्हणाले, "रविवारी जरा जास्तच असतो."