दिघे काकांच्या चिठ्ठ्या

माझं अक्षर म्हणजे कोंबडीने अंगण उकरलेलं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा नि माझा संबंध चौथीतच तुटला. चुकून कुणी ही वही उघडली तर माफ करावं. दिघे काकांनी मात्र कधी माफ केलं नाही. वाशीला त्यांचा डबा लागला तेव्हा पहिल्या दिवशी मी आत चिठ्ठी ठेवली होती, वांग्याची भाजी, आमटी, भात अशी. दुसऱ्या दिवशी रिकाम्या डब्यातून तीच चिठ्ठी परत आली. चार शब्दांवर लाल शाईच्या सहा खुणा. दोन-तीन वेळा असंच झालं आणि मी चिठ्ठी लिहिणं सोडलं.

काका छापखान्यात चुका शोधायच्या नोकरीत होते. नोकरी संपली, खोड राहिली. बायको गेल्यापासून दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात, असं त्यांच्या इमारतीचा वॉचमन सांगतो. दारातून दिसतं त्या टेबलावर पुठ्ठा निघालेला जाडजूड इंग्रजी शब्दकोश, पायजम्याच्या नाडीने बांधलेला. एकदा दारातूनच दिसलं, चपाती कडेकडेने गोल खात जातात, मधला रुपयाएवढा तुकडा शेवटी. मी त्यांना काका म्हणते, ते मला मावशी म्हणतात. वय कुणीच कुणाला विचारलेलं नाही.

मी घणसोली गावातून बसने चार डबे घेऊन जाते. दार उघडलं की काका घड्याळ बघून म्हणतात, "आज अकरा सतरा." मी "हां" म्हणते, भरलेला डबा देते, कालचा रिकामा घेते आणि पळते. महिनाभरात आमचं बोलणं एवढंच.

माझ्या चिठ्ठ्या थांबल्या तशा त्यांच्या सुरू झाल्या. तळाच्या पुडात, नीट घडी घातलेल्या. वर इंग्रजीत काहीतरी वळणदार, ते मला वाचता येत नाही. खाली मराठीत एक ओळ. पहिल्या दिवशी होतं, 'पूर्वी: मूर्ख.'

आता ज्याचा धंदा डब्याचा, त्याला एक ठाऊक असतं. डब्यातून आलेली चिठ्ठी म्हणजे तक्रार. मीठ जास्त, चपाती कडक. मी समजले, ही माझ्याबद्दल आहे. वाईट वाटलं नाही, कारण खोटं काय होतं? उलट 'पूर्वी' वाचून बरं वाटलं. म्हटलं, हल्ली सुधारले असेन.

दुसऱ्या दिवशी, 'पूर्वी: अडाणी.' मग, 'पूर्वी: आळशी.' मी पहाटे अर्धा तास लवकर उठू लागले. मग, 'पूर्वी: लाजाळू.' हे त्यांना कसं कळलं, तर माझ्या 'हां'वरून कळलं असेल. 'पूर्वी: नाजूक' आलं तेव्हा आरशासमोर उभी राहिले. पूर्वी म्हणजे किती पूर्वी, ते काही आठवेना.

आणि एका सोमवारी आलं, 'पूर्वी: चवचाल.'

माझ्या पूर्वायुष्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे. लग्नाआधी जत्रेत मी घरच्यांना न सांगता पाळण्यात बसले होते, तेही मैत्रिणीबरोबर. ते वाशीपर्यंत पोचवलं कुणी? चिठ्ठी आधीच्या चिठ्ठ्यांसोबत पिठाच्या डब्यामागे लपवली आणि काकांचा डबा बंद केला. कळवलं नाही. कळवायला बोलावं लागलं असतं.

तीन दिवस गेले. आपली अब्रू राहिली खरी, पण भात वाढताना हात थांबायचा. काका जेवले असतील का?

चौथ्या दिवशी सून प्रणाली आत आली. "आई, बाहेर एक आजोबा आलेत. तुमचा डबा घेऊन."

मी दाराआड गेले. गल्लीत काका उभे होते, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावून, गावभर घर विचारत आल्याने घामाने भिजलेले. हातात घासून लखलखीत केलेला डबा.

"मावशी आजारी आहेत का?" त्यांनी सुनेला विचारलं. "तीन दिवस बिस्किटांवर आहे. त्याचं काही नाही. पण यांचं भांडं माझ्याकडे राहिलंय."

मग मला बोलावंच लागलं. दाराआडूनच मी म्हणाले, "काका, मी अडानी हाय, आळशी हाय, कबूल. पन ते शेवटचं मी नाय."

पिठाच्या डब्यामागची सगळी चिठ्ठ्यांची चळत सुनेच्या हातात दिली. तिने एकेक वाचली आणि ओट्याला धरून हसायला लागली. "अहो आई, हे तुमच्याबद्दल नाहीये. 'नाईस' लिहिलंय वर सगळ्यांवर. त्या एका शब्दाचे जुने अर्थ आहेत हे."

नाईस मला माहीत आहे. वाशीच्या बायका पडद्यालाही नाईस म्हणतात, कुत्र्यालाही.

काकांचा चेहरा एवढासा झाला. "शब्दाला वय असतं, मावशी," ते म्हणाले. "तरुणपणी हा फार वाया गेलेला होता. मला वाटलं, तुम्हाला गंमत वाटेल."

"पन डब्यात कशाला?"

ते डब्याच्या कडीशी खेळायला लागले. "आमची ही कुणाचं भांडं रिकामं परत करायची नाही. काही नसलं तर चमचाभर साखर घालायची. साखर डॉक्टरांनी माझी बंद केली. घरात दुसरं काय आहे? ते पुस्तक आहे."

मी दाराआडून बाहेर आले. पाट मांडला. काका जेवले, चपातीचा मधला तुकडा शेवटी.

दुसऱ्या दिवशी डबा भरला आणि महिन्याने पुन्हा चिठ्ठी लिहिली. वालाचं बिरडं आहे, सावकाश जेवा, एवढंच. चुका किती झाल्या ते मोजलं नाही. ते काम त्यांचं.

संध्याकाळपर्यंत वाट बघवेना, पण रिकामा डबा उद्याच मिळणार. मिळाला तसा बसमध्येच उघडला. वरच्या पुडात बघितलं, मधल्या पुडात बघितलं. लाल खुणा केलेली माझी चिठ्ठी कुठेच नव्हती. ती त्यांनी ठेवून घेतली होती.

तळाच्या पुडात चमचाभर साखर होती.