वैरागडेकाकांचा कान

वैरागडेकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा नमस्कार करायच्या आधी त्यांनी आमच्या नव्या सोफ्यावर हातोडी मारली. खिशातून वीतभर हातोडी काढली, टक् टक् केलं, कान तिरपा केला आणि निकाल दिला, "लाकूड नाही हे. भुसा हाय. पावसाळ्यापर्यंत टिकन." सोफा गणपतीपर्यंत टिकला. बायकोने काकांना अजून माफ केलेलं नाही.

चौबे कॉलोनीत आमच्या दोन घरांत एकच भिंत. काका रेल्वेत होते. स्टेशनात गाडी थांबली की डब्यांच्या चाकांवर हातोडी मारत जायचं आणि नुसत्या आवाजावरून कुठलं चाक तडकलंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाले, पण हातोडी सुटली नाही. दांडा कापून ती त्यांनी खिशात मावेल एवढी करून घेतली. टरबूज, नारळ, कुंभाराकडचे माठ, सगळ्यांना तिचा प्रसाद मिळाला. भाच्यासाठी मुलगी पाहायला गेले, तर मुलीच्या बापाच्या दारावर हातोडी मारून म्हणाले, "सागवान हाय. हव म्हणा." लग्न झालं आणि उत्तम चाललंय.

"वस्तू बोलते बाबू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "ऐकणारा पाहिजे." गल्लीत गाडी वळली की पेपरातून डोकं न काढता ते कुणाचा सायलेन्सर गेलाय, कुणाची बेअरिंग जाणार आहे ते सांगत. लोक मिस्त्रीच्या आधी त्यांना विचारत.

अशा माणसाची स्वतःची गाडी दिवाळीपासून किंचाळत होती. रोज सकाळी स्टार्ट केली की इंजिनाचा बेल्ट असा काही ओरडायचा की आमची बाळंतीण मांजर पिल्लं घेऊन गच्चीवर राहायला गेली. आणि काका मात्र स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून प्रसन्न बसलेले.

मी एकदा धीर करून म्हणालो, "काका, बेल्ट चिल्लावून राहिला."

"कायचा आवाज? माझ्या गाडीत? कोणाले शिकवून राहिला पोट्ट्या?"

हट्टी माणूस, दुसरं काय! शिवाय हल्ली त्यांचं लक्षही नसायचं. काकूंनी तीन शिट्ट्यांवर कुकर बंद करायला सांगितलं आणि डाळ करपली, असं तीनदा झालं. काका म्हणाले, "शिट्टीच खराब हाय." बायकोने चहा की सरबत विचारलं तर म्हणाले, "हव, सही हाय." आम्ही दोन्ही दिलं. त्यांनी दोन्ही घेतलं. आम्ही आत जाऊन पोटभर हसलो.

मग काकूंच्या भाचीचं नागपूरला लग्न निघालं. काकूंनी मला फाटकाशी गाठलं. "भैया, रस्त्यात बेल्ट तुटला तर हे इंजिन उघडून बसतीन अन् मी अक्षता कुठं टाकू? तुम्ही यायले मिस्त्रीकडं घेऊन जा. नाही तर मी रेल्वेनं जातो." दारात गाडी असताना बायको रेल्वेनं जाणार म्हटल्यावर काकांचा नाइलाज झाला. "चल. मिस्त्रीच्याच तोंडून ऐक," असं मला बजावून त्यांनी गाडी काढली.

भनपुरीच्या गॅरेजात साहू मिस्त्रीने बॉनेट उघडलं. बेल्टला बारीक चिरा पडल्या होत्या. काकांनी त्यांवरून बोट फिरवलं.

"बेल्ट भर बदल देता हूँ काका, हो जाएगा," साहू म्हणाला.

"अकेला बेल्ट? अन् टेन्शनर कौन देखेगा?"

साहूने बेल्ट उतरवला. बेल्टला ताणून धरणारी ती छोटी पुली, टेन्शनर, काकांनी एका बोटाने फिरवली. डोळे मिटले. "खरखर है. नवा बेल्ट भी खा जाएगी." साहूने स्वतः फिरवून पाहिली आणि कान पकडले. दोन्ही बदललं. मला आमच्या गल्लीचा फार अभिमान वाटला.

गाडी स्टार्ट केली. किंचाळी बंद. साहू म्हणाला, "अब सुनो काका!"

काकांनी नेहमीसारखा कान तिरपा केला. पण डोळे माझ्या चेहऱ्यावर होते. मी हसलो. मग ते हसले. "हव, सही हाय."

कुकर, सरबत, सगळं आठवलं. आपण कशाला हसलो होतो, ते समजलं आणि स्वतःची लाज वाटली.

परत येताना काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "पहिले खरंच चिल्लावत होता काय रे?"

"हो काका."

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून."

बराच वेळ ते हातोडी या हातातून त्या हातात घेत राहिले. "जाड आवाज येते मले. बारीक गेले. पुलीचं बोटाले समजलं, कानाले नाही. काकूले नको सांगू." मग खाली बघून म्हणाले, "बेल्टचं जाऊ दे. पुण्याची पोट्टी दर रविवारी फोन करते. चिमणीएवढा आवाज तिचा. वर्ष झालं, मी नुसतं हव, सही हाय करून राहिलो."

पोट्टी म्हणजे त्यांची पाच वर्षांची नात. त्या दिवशी रविवारच होता.

मी त्यांच्या फोनवरून नंबर लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून चिवचिव आली. काकांनी माझा दंड धरला. "काय म्हणते?"

"आजोबा, माझा दात पडला म्हणते!" मी ओरडून सांगितलं. शेजारच्या पानठेल्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"दात? कोणता?"

मी विचारलं. ती वैतागली होती. "खालचा! मागच्या संडेला पण सांगितलं होतं ना. आजोबा काही बोलतच नाहीत."

"काय म्हणते?"

"खालचा म्हणते."

"अजून काहीतरी म्हणे ती."

"नाही काका. एवढंच."

काकांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मघाशी गॅरेजात पाहिलं होतं तसंच. मग फोन माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी तोंडापाशी धरला आणि म्हणाले, "पोट्टी, पुन्हा सांग वो. पहिल्यापासून सांग. आजोबाले तवा ऐकू नव्हतं आलं."